पंजाबी आणि असमिया बोलींची तुलना: अंतर नेमकं कुठे मोजायचं?

भाषाविज्ञान शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे की पंजाबी आणि असमिया या दोन भाषांच्या बोलींची तुलना करता येते का, आणि कोणत्या भाषेच्या बोली एकमेकींपासून जास्त दूर गेल्या आहेत. त्याने एक तक्ताही केला आहे. एका बाजूला ‘माझी’ (अमृतसर-लाहोरच्या ‘माझा’ प्रदेशातली), दोआबी (जालंधर-होशियारपूरकडची), मालवई (पंजाबातल्याच मालवा प्रदेशातली, बठिंडा-लुधियाण्याकडची), पुआधी. दुसऱ्या बाजूला पूर्वेकडची (शिवसागरी), मध्य असमिया, कामरूपी (नलबारी-बरपेट्याकडची), ग्वालपाडिया (धुबरीकडची). चार आणि चार. ही जुळणी पाहून त्याला वाटतं की दोन्हीकडे बोलीभेदाचं प्रमाण साधारण सारखंच असावं.

तो तक्ता काही काळ बाजूला ठेवावा असं मी सांगेन. दोन्हीकडे चारच नावं असणं हा निव्वळ योगायोग आहे. बोलींना नावं देणारे लोक वेगळे होते, काळ वेगळा होता आणि नावं देण्यामागची कारणंही वेगळी होती.

आधी थेट उत्तर देते. भारतातल्या पंजाबपुरतं पाहिलं तर असमियाच्या बोलींमधलं अंतर पंजाबीपेक्षा जास्त आहे. अमृतसरचा माणूस बठिंड्याच्या माणसाची बोली ऐकून चिडवेल, पण त्याचं बोलणं अडणार नाही. शिवसागरचा माणूस नलबारीच्या बाजारात भराभर बोललेलं ऐकताना अडखळतो, आणि धुबरीकडच्या खेड्यात गेला तर बराच काळ फक्त अंदाजाने समजून घेतो. पण पंजाबीचं कुंपण पश्चिमेला सरकवून रावळपिंडीकडची पोठोहारी आणि मुलतानकडची सरायकी आत घेतली, तर पारडं उलटं फिरतं. मग पंजाबीची दोन टोकं असमियाच्या टोकांपेक्षा जास्त लांब पडतात. म्हणून ‘कोणाच्या बोली जास्त दूर’ हे विचारण्याआधी कुंपण कोणी घातलं आणि कुठे घातलं हे पाहावं लागतं.

पंजाबीचं कुंपण तर लेखणीच्या एका फटक्यात हललेलं आहे. पाकिस्तानच्या जनगणनेत 1981पासून सरायकी वेगळी भाषा म्हणून मोजतात. 2017च्या जनगणनेत तिथल्या सुमारे 39 टक्के लोकांनी मातृभाषा पंजाबी सांगितली आणि सुमारे 12 टक्क्यांनी सरायकी. त्या आधी हेच लोक पंजाबीच्या खात्यात जात होते. भारतात 2011च्या जनगणनेनुसार पंजाबी भाषक सुमारे 3.31 कोटी आणि असमिया भाषक सुमारे 1.53 कोटी आहेत. इथेही डोगरी एकेकाळी पंजाबीची बोली समजली जायची. 2003च्या घटनादुरुस्तीने ती आठव्या अनुसूचीत स्वतंत्र भाषा म्हणून आली. जम्मूच्या लोकांचं बोलणं त्या वर्षी बदललं नव्हतं.

जॉर्ज ग्रिअर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतातल्या भाषांच्या आपल्या सर्वेक्षणात पश्चिमेकडच्या बोलींना ‘लहंदा’ असं नाव देऊन त्या पंजाबीपासून वेगळ्या खंडात टाकल्या, आणि असमियाला बंगालीबरोबर पाचव्या खंडात बसवलं. लहंदा आणि पंजाबी यांच्यातली सीमा सोयीसाठी आखलेली आहे, प्रत्यक्षात एक दुसरीत हळूहळू मिसळते, हे त्याने स्वतःच मान्य केलं होतं. पुढे पुस्तकं त्याची रेघ उतरवून घेत राहिली आणि तो इशारा मागे राहिला.

आता कानांनी ऐकू येणाऱ्या गोष्टींकडे येऊ. पंजाबीतली सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे सूर. संस्कृतातून निघालेल्या आपल्या बहुतेक भाषांमध्ये शब्दाचा अर्थ सुरावर ठरत नाही, पंजाबीत ठरतो. घ, झ, ढ, ध, भ हे महाप्राण (‘ह’ मिसळलेले) घोष वर्ण तिथे बोलण्यातून गेले आणि जाताना मागे सूर ठेवून गेले. शब्दाच्या सुरुवातीला घ असेल तर त्याचा क होतो आणि पुढचा स्वर खालच्या सुरात उतरतो. लिहितात ‘घोड़ा’, पण कानाला येतो तो खालच्या सुरातला ‘कोड़ा’. चाबकासाठीचा ‘कोड़ा’ सपाट सुरात, आणि कुष्ठरोगी या अर्थाचा ‘कोढ़ा’ चढ्या सुरात. तिन्हींत व्यंजनं तीच राहतात आणि अर्थ फक्त सुराने वेगळा होतो. घर म्हणताना ‘कर’, भाई म्हणताना ‘पाई’, आणि मुलीला म्हणायचा ‘धी’ हा शब्द ‘ती’सारखा, सगळे खालच्या सुरात. गुरुमुखीत मात्र घ, भ, ध तसेच लिहिले जातात. त्यामुळे केवळ वाचून पंजाबी शिकणाऱ्याला या सुरांचा पत्ताच लागत नाही. मराठी माणूस ‘घर’ हे आपल्यासारखंच उच्चारतो आणि समोरचा पंजाबी ते समजूनही घेतो, पण आपण परके आहोत हे त्या एका अक्षरात उघड होतं.

माझी, दोआबी आणि मालवई या तिन्हींत सुरांची ही व्यवस्था जवळजवळ सारखी आहे. म्हणूनच त्या एकमेकींच्या इतक्या जवळ वाटतात. भेद आहेत, पण ते वरच्या थरातले. माझीत ‘तुहाडा’ आणि ‘तुहानूं’, तर मालवईत ‘थोडा’ आणि ‘थोनूं’. मालवईत स्वरांमधल्या ‘व’चा नाकातला ‘म’ होतो, म्हणून ‘जावांगे’चं ‘जामांगे’ आणि बाईला ‘तीवीं’ऐवजी ‘तीमीं’. दोआबीत शब्दारंभीच्या ‘व’चा ‘ब’ होतो, वीसला ‘वीह’ऐवजी ‘बीह’ म्हणतात. माझी बोलणारा ‘कीता’ म्हणेल तिथे मालव्यात ‘करिया’ही ऐकू येतं. रोपड, मोहाली, अंबाल्याकडची पुआधी हरियाणवीकडे झुकते आणि ‘साडा, तुहाडा’च्या जागी ‘म्हारा, थारा’ म्हणते.

पश्चिमेला मात्र जमीनच बदलते. सरायकीत घ, झ, ध, भ शाबूत आहेत. त्याशिवाय तिच्यात श्वास आत ओढून काढलेले चार घोष वर्ण आहेत, जे सिंधीतही आहेत. भविष्यकाळ ‘करांगा’ असा न होता ‘करेसां’ असा होतो, त्यातला ‘स’ संस्कृतातल्या ‘करिष्यामि’च्या कुळातला. ‘तो म्हणाला’ हे एकाच शब्दात ‘आखियुस’ असं सांगता येतं, म्हणजे कर्ता क्रियापदालाच चिकटतो. पोठोहारीत षष्ठीचा प्रत्यय ‘दा’ नसून ‘ना’ आहे. हे फरक उच्चाराच्या ढबीपुरते नाहीत, ते व्याकरणाच्या सांगाड्यातले आहेत. तरीही ‘स’चा भविष्यकाळ पंजाबी परंपरेला परका नाही. गुरू नानकांच्या ‘जपुजी’च्या आरंभीच ‘होसी’ हे रूप येतं आणि सूफी कवी बाबा फरीद यांच्या वाणीत मुलतानकडची रूपं आहेत. जुन्या साहित्यात ही सगळी मंडळी एकाच छताखाली होती.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. 1947ची सीमा ही बोलीची सीमा नाही. लाहोर आणि अमृतसर ही दोन्ही शहरं माझा प्रदेशातली, एकमेकांपासून पन्नासेक किलोमीटरवर, आणि दोन्हींची बोली ‘माझी’ हीच. वेगळी आहे ती लिपी, आणि आता शाळेतून येणारी शब्दसंपत्ती. बोलीतली खरी तुटण त्याच्या बरीच पश्चिमेला, चिनाब ओलांडताना हळूहळू जाणवायला लागते. त्यात 1880च्या दशकापासून कालव्यांच्या वसाहती झाल्या. अमृतसर, जालंधर, होशियारपूर, लुधियाण्याचे शेतकरी लायलपूरकडे, म्हणजे आजच्या फैसलाबादकडे, नेऊन वसवले गेले आणि पूर्वेची बोली पश्चिमेच्या मधोमध रुजली. फाळणीने ती सरमिसळ आणखी वाढवली. म्हणून पंजाबात नुसत्या जिल्ह्याच्या नावावरून बोली ठरवू नये.

असमियाची गोष्ट वेगळ्या धाटणीची आहे. पंजाबात पाच नद्या आणि त्यांच्या मधले दोआब. आसामात एकच ब्रह्मपुत्र आणि तिच्या काठाने पूर्व-पश्चिम पसरलेलं लांबट खोरं. साहजिकच बोलींचा मुख्य भेदही पूर्व आणि पश्चिम असा आहे. असमिया भाषेचे अभ्यासक बाणीकांत काकती यांनी 1941च्या ग्रंथात असमियाच्या दोनच मुख्य बोली मानल्या, पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची. चार गटांची मांडणी नंतरच्या अभ्यासकांची. मला स्वतःला काकतींची दोन गटांची मांडणी अजूनही जास्त उपयोगी वाटते. नगावकडची मध्य असमिया स्वतंत्र आहे असं म्हणता येतं, पण तिचा कल पूर्वेकडेच आहे.

सगळ्या असमिया बोलींना बांधणाऱ्या काही गोष्टी आहेत. ट-वर्ग आणि त-वर्ग यांतला फरक उरलेला नाही, दोन्ही दातांच्या मागे हिरडीवर उच्चारले जातात. च आणि छचा ‘स’ होतो. नामांना व्याकरणिक लिंग नाही. मोजताना नामाला ‘टो’, ‘जोन’, ‘खोन’ असे वस्तूचा प्रकार दाखवणारे वर्गदर्शक लागतात. श, ष, स या तिन्हींचा उच्चार उर्दूतल्या ‘ख़’सारखा घशातून होतो, ‘असम’ हा शब्द तिथल्या माणसाच्या तोंडून ‘ऑख़ॉम’सारखा ऐकू येतो. हा वर्ण पूर्वेला अगदी ठाम आहे. ग्वालपाडियात मात्र त्याच्या जागी ‘स’, ‘श’ किंवा ‘ह’ येतो. नात्यांच्या शब्दांत तर एक अपूर्व सोय आहे: माझे वडील ‘देउता’, तुमचे ‘देउतारा’, तुझे ‘देउतार’, त्याचे ‘देउताक’. वडील कोणाचे हे शब्दाच्या शेवटावरूनच कळतं. सरायकीतला क्रियापदाला चिकटणारा कर्ता आणि हा नात्याला चिकटणारा प्रत्यय, दोन भाषांच्या दोन टोकांना असलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. माझ्या मते खऱ्या तुलनेचं साहित्य तिथे आहे, बोलींच्या नावांत नाही.

पूर्व आणि पश्चिम यांना तोडणारी गोष्ट म्हणजे आघात. पूर्वेकडच्या असमियात जोर शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, कामरूपीत पहिल्या अक्षरावर. पहिल्या अक्षरावर जोर पडला की मधला स्वर टिकत नाही. पूर्वेकडे कोहळ्याला ‘कोमोरा’ म्हणतात, कामरूपीत त्याचा ‘कुम्रा’ होतो. ‘आजि’चं ‘आइज’ होतं, ‘कालि’चं ‘काइल’. शेवटचा इ आधीच्या अक्षरात शिरतो. क्रियापदांच्या लांब रूपांमधली अक्षरं अशीच गळतात. एकेका शब्दात हे किरकोळ दिसतं, पण पूर्ण वाक्यात चार-पाच अक्षरं गेली की ऐकणाऱ्याच्या हातून धागा सुटतो. शिवसागरचा माणूस नलबारीत अडखळतो तो शब्द अनोळखी असतात म्हणून नव्हे, ओळखीचेच शब्द आखडलेले असतात म्हणून. ग्वालपाडियात त्याच्या जोडीला शब्दही बदलतात. ‘मोइ’ऐवजी ‘मुइ’, मुलाला ‘लोरा’ऐवजी ‘चेंग्रा’, अनेकवचनाला ‘बोर’ऐवजी ‘गिला’. तिथून पुढे उत्तर बंगालच्या राजबंशी बोलीत कधी शिरलो ते कळतही नाही. गौरीपूरच्या प्रतिमा बरुआ पांडे यांनी या बोलीतली लोकगीतं गाऊन ती सगळ्या आसामच्या कानांवर घातली. ज्यांना धुबरीची बोली बोलता येत नाही तेही त्या गाण्यांवर जीव टाकतात.

पश्चिमेकडे इतके उपभेद आणि पूर्वेकडे इतका सारखेपणा का? काकतींनी दिलेलं कारण मला पटतं. पूर्वेला आहोमांचं एकच राज्य 1228पासून जवळजवळ सहाशे वर्षं टिकलं. एका राज्यात माणसं फिरतात, मिसळतात, दरबाराची भाषा गावापर्यंत पोचते. पश्चिमेला कोच, त्यांच्या शाखा, भूइयां, मोगल अशा वेगवेगळ्या सत्ता आल्या आणि गेल्या. 1682च्या इटाखुलीच्या लढाईनंतर मानस नदी ही आहोम आणि मोगल यांच्यातली सीमा झाली. मानसच्या पलीकडचा ग्वालपाडा मोगलांकडून बंगालच्या कारभारात गेला आणि आसाम प्रांताशी 1874मध्येच जोडला गेला. ग्वालपाडिया वेगळी का, याचं अर्धं उत्तर या नदीत आहे. पंजाबातली रॅडक्लिफ रेषा, म्हणजे फाळणीची सीमा, बोलीला कापून गेली, पण तिला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. मानसची सीमा त्याहून कितीतरी जास्त काळ माणसांच्या जाण्यायेण्यावर परिणाम करत राहिली. सीमेने बोली तुटते की नाही हे सीमेचं वय आणि तिच्या दोन्ही बाजूंची ये-जा यांवर ठरतं.

प्रमाण बोली कशी ठरली, हे पाहिलं तर दोन भाषांमधला फरक आणखी स्पष्ट होतो. सोळाव्या शतकात असमिया साहित्याचं केंद्र पश्चिमेला होतं. शंकरदेवांचा जन्म नगावकडच्या बरदोवाचा, पण त्यांच्या उत्तरायुष्यातलं मोठं काम बरपेट्याच्या परिसरात, कोच राजा नरनारायण याच्या आश्रयाखाली झालं. नंतर सत्तेचं आणि गद्यलेखनाचं वजन आहोम दरबाराकडे, म्हणजे पूर्वेला सरकलं. बुरंजी, म्हणजे आहोमांच्या इतिहासाच्या बखरी, तिथे लिहिल्या गेल्या. इंग्रज आले आणि 1836पासून आसामच्या कचेऱ्यांत आणि शाळांत बंगाली लागू झाली. ती 1873पर्यंत राहिली. त्या काळात अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरींनी शिवसागरहून 1846मध्ये ‘अरुणोदोइ’ हे मासिक सुरू केलं, आणि ब्राउन, ब्रॉन्सन यांनी असमिया ही बंगालीची बोली नाही हे आग्रहाने मांडलं. असमिया लेखक आनंदराम ढेकियाल फुकन यांनीही हीच बाजू लढवली. ब्रॉन्सनचा शब्दकोश 1867चा, हेमचंद्र बरुआंचा ‘हेमकोष’ 1900चा. शाळा हातात नसताना छापखाना हीच भाषेची एकमेव जागा होती, आणि तो छापखाना शिवसागरला होता. म्हणून शिवसागरची बोली प्रमाण ठरली आणि पूर्वीची साहित्यभूमी असलेला कामरूप ‘बोली’ ठरला. नलबारी-बरपेट्याच्या लोकांच्या मनात याची सल आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

पंजाबातही मिशनरींचा छापखाना होता, लुधियाण्याला. त्यांचा पंजाबी शब्दकोश 1854मध्ये निघाला. लुधियाणा मालव्यातलं, तरी प्रमाण पंजाबी मालवई झाली नाही, ‘माझी’ हीच प्रमाण राहिली. मला याचं कारण असं दिसतं की लाहोरला रणजितसिंहांची राजधानी होती, अमृतसरला शिखांचं केंद्र होतं, गुरुमुखीत लिहिण्याची परंपरा आधीपासून पक्की होती. छापखाना येण्यापूर्वीच भाषेचं घर उभं होतं. 1849नंतर इंग्रजांनी पंजाबात उर्दूला कचेरीत बसवलं, तेव्हाही पंजाबी धर्मग्रंथांत आणि घरात टिकली. आसामात बंगालीने जागा घेतली आणि पंजाबात उर्दूने, पण असमियाला ‘तू भाषाच नाहीस’ हे ऐकून घ्यावं लागलं, पंजाबीला त्या स्वरूपात नाही.

मराठी विद्यार्थ्याला या तुलनेत एक फायदा आहे आणि त्याने तो घ्यावा. असमियात ‘मी गेलो’ला ‘मोइ गोलों’ म्हणतात. भूतकाळातला हा ‘ल’ आपला आणि त्यांचा एकच, पंजाबीत तो नाही. तिथे ‘मैं गया’. ग्रिअर्सनने हा ‘ल’ही एक पुरावा धरून मराठी, बंगाली, असमिया यांना भाषांच्या बाहेरच्या वर्तुळात टाकलं, लहंदाही तिथेच, आणि पूर्वेकडची पंजाबी मात्र आतल्या बाजूला. सुनीतिकुमार चटर्जींनी 1926मध्ये ही दोन वर्तुळांची कल्पना खोडून काढली, पण ‘ल’चं साम्य खरंच आहे. उलट बाजूने पाहा: ‘मी केलं’, पण ‘त्यानं केलं’, म्हणजे प्रथमपुरुषी ‘ने’ दिसत नाही. पंजाबीत नेमकं तेच, ‘मैं कीता’ पण ‘ओहने कीता’. असमियात सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला ‘ए’ लागतो तो वर्तमानकाळातही. हातासाठी आपण आणि असमिया दोघेही ‘हात’ म्हणतो, पंजाबीने प्राकृतातलं जोडाक्षर आणि महाप्राण दोन्ही सांभाळून ‘हत्थ’ ठेवलं. दोन्ही भाषांशी आपलं वेगवेगळ्या धाग्यांनी नातं आहे. नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि नामदेवांशी जोडलेलं घुमान गाव ‘माझा’ प्रदेशातच, गुरदासपूर जिल्ह्यात आहे, म्हणून पंजाब आपल्याला ओळखीचा वाटतो. असमिया त्या मानाने दूरची वाटते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठी आणि असमिया या दोघींना एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तरी आपण तिच्याकडे वळून पाहायला हवं होतं.

कामाला लागायचं तर तक्त्याऐवजी गुणविशेष घ्या आणि प्रत्येक ठिकाणी तेच विचारा. पंजाबीसाठी घर, घोडा, भाऊ, मुलगी यांचे शब्द बोलून घ्या, लिहून मागू नका. लिहून घेतलंत की सूर हरवला. ‘तुमचा’, ‘मी करीन’, ‘त्याने सांगितलं’ ही रूपं घ्या. पहिल्यात मालवई वेगळी पडेल, उरलेल्या दोन्हींत पश्चिम. असमियासाठी कोहळा, आज, काल, ‘मी केलं’, ‘मुलगे’, ‘तुमचे वडील’ हे घ्या, आणि त्याच माणसाकडून एकदा सावकाश व एकदा भराभर. सावकाश विचारलं की कामरूपी माणूस शाळेतली भाषा देतो. गळलेली अक्षरं घरच्या माणसाशी बोलतानाच गळतात. माणसाबरोबर त्याच्या आईचं आणि वडिलांचं मूळ गाव नोंदवा. फैसलाबादच्या माणसाचे आजोबा जालंधरचे असू शकतात, ब्रह्मपुत्रेच्या चरांवरच्या, म्हणजे नदीतल्या बेटांवरच्या, माणसाचे आजच्या बांगलादेशातल्या मैमनसिंहचे. लंडनच्या साउथॉलमध्ये रेकॉर्डिंग केलंत तर बहुधा दोआबीच मिळेल, कारण जालंधर-होशियारपूरची माणसं तिकडे आधी गेली. ते ‘प्रमाण पंजाबी’चे नमुने म्हणून वापरू नका.

नकाशावर आधी गुणविशेषांच्या रेघा काढा, बोलींची नावं शेवटी लिहा. पंजाबात ‘स’च्या भविष्यकाळाची रेघ आणि महाप्राण टिकल्याची रेघ एकमेकींवर बसतात का, आणि आसामात आघाताची रेघ मानसवर येते की त्याच्या बरीच पूर्वेला, हे तुमच्या स्वतःच्या नोंदींवरून दिसेल. त्या रेघा हाती आल्या की मला पाठवा. पुढचं बोलणं त्यांच्यावर करू.